मधून जाऊ नका

परभणीत मी ज्या घरात भाड्याने राहत होते, तिथल्या बैठकीत शिरताना माणसाला वाकावं लागे. दार ठेंगणं होतं म्हणून नव्हे, दार चांगलं ऐसपैस होतं. वाकायचं ते घरमालकांच्या हुकमाने. एका स्टुलावर टॅबलेट, समोरच्या भिंतीवर टीव्ही, आणि या दोघांच्या मधली हवा मालकांनी राखीव ठेवली होती. टॅबलेटवरचं चित्र त्या हवेतून उडत उडत टीव्हीत जाऊन बसतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कुणी ताठ मानेने मधून गेलं की पलंगावरून आरोळी यायची, "मधून जाऊ नका! चित्र तुटंल!"

दार एका अंगाला होतं आणि पलंग दुसऱ्या अंगाला. त्यामुळे ज्याला बसायचं त्याला ती हवा ओलांडणं भाग होतं. येणारा-जाणारा टीव्हीच्या भिंतीशी जाई, मान खाली घाली, गुडघे मोडी आणि पलीकडे सरके. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटायचं, यांच्या भिंतीवर देव आहे. चुकायला नको म्हणून मालकांनी फरशीवर खडूने दोन रेघा ओढल्या होत्या. काकू सकाळी फरशी पुसताना त्या पुसून टाकायच्या आणि मालक अंघोळ करून आले की पुन्हा ओढायचे. त्यावरून त्या दोघांचं कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

काकूंचे गुडघे दुखायचे, त्यांना वाकता येत नसे. मग मालकांचा चहा त्या अंगणातून वळसा घालून न्यायच्या आणि पलंगामागच्या खिडकीच्या गजांमधून आत द्यायच्या. गजांमधून कप जायचा, पण बशी जायची नाही. म्हणून त्या घरातल्या बशा कायम मांडणीवरच असायच्या.

मी साताऱ्याकडची. बँकेत बदली होऊन परभणीला आले होते. नवी होते तेव्हा उत्साहाच्या भरात मी मालकांना समजावायला गेले. म्हटलं, "काका, चित्र असं सरळ जात नाही. टॅबलेट आणि टीव्ही दोघंही फळीवरच्या त्या वायफायच्या डबीशी बोलतात. मधून हत्ती गेला तरी काही होत नाही."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. जन्मभर लोकांच्या दरखास्ती ऐकल्या होत्या, मध्येच तोडायची सवय नव्हती. मग म्हणाले, "मॅडम, टीव्ही हितं समोर दिसायलाय. सरळ रस्ता असताना चित्र कामून त्या डबीकडं मरायला जाईल?"

"तसंच असतं काका."

"तुमच्या साताऱ्याकडं असंल. जगात जर्मनी अन् भारतात परभणी. हितलं चित्र सरळ जातं."

मी वाकून बाहेर आले.

मालकांची सगळी नोकरी पालमच्या तहसील कचेरीत, जुन्या कागदांच्या खोलीत झाली. रोज एसटीने जायचं आणि एसटीने यायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती कचेरी घरी आणली. टीव्हीला ते तहसीलदार म्हणत आणि टॅबलेटला पेशकार. "पेशकारानं कागद पुढं केल्याशिवाय तहसीलदार बघत न्हाईत," असं म्हणून ते टॅबलेटवर बोट ठेवायचे. टीव्हीवर काकूंनी विणलेला रुमाल असायचा. तो काढून, घडी घालून, उशाखाली ठेवल्याशिवाय कामकाज सुरू व्हायचं नाही. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. टॅबलेट पुण्याच्या लेकीने दिलेला होता. त्यावर लहान पडद्यात काही बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पेशकाराच्या टेबलावर कधी फैसला होतो का, असं ते मलाच विचारायचे.

आणि या एवढ्या इतमामात ते बघायचे काय, तर शेळ्या-मेंढ्या. त्यांचे वडील पेडगावला मेंढरं राखायचे. मालकांना सरकारी नोकरी लागली आणि मेंढरं सुटली, पण डोळ्यांतून गेली नाहीत. राजस्थानातल्या शेळ्या, बर्फाळ डोंगरातली मेंढरं, कुठल्या कुठल्या मुलखातले कळप ते संध्याकाळी तासभर बघत बसायचे आणि त्या मेंढपाळांना पलंगावरून उपदेश करायचे. "अरे बाबा, ती मागची लंगडायलीय, तुजं ध्यान कुठं हाय?" तो बिचारा कुठल्या देशात, कुठल्या भाषेत शीळ घालत चाललेला असे. पण मालकांचं निदान चुकायचं नाही. मी नीट पाहिलं तर मागची एक खरंच पाय ओढत असायची.

इतका सगळ्या जगाच्या मेंढपाळांशी बोलणारा हा माणूस भिंतीपलीकडच्या माणसाशी मात्र बोलत नव्हता.

बैठकीच्या उजव्या भिंतीपलीकडे त्यांचे थोरले भाऊ राहायचे. एकाच घराचे दोन भाग, मध्ये एक भिंत. थोरले शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, आणि गळा असा की भजनाला गावोगावचे लोक बोलावून नेत. त्यांच्या साथीला पखवाजावर कायम मालक. भांडण जमिनीचं नव्हतं, पैशाचंही नव्हतं. "तसलं असतं तर कोर्टात तरी मिटलं असतं," असं काकू म्हणायच्या. झालं होतं एवढंच की मालकांच्या लेकीच्या साखरपुड्याला अंगणात भजन होतं. अभंग रंगात आला आणि समेवर काहीतरी फसलं. मालकांनी हात थांबवला आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, "दादा, ठेका सोडलास." थोरल्यांनी टाळ खाली ठेवले, उठले आणि आपल्या दारातून आत गेले. ते मागे दहा-बारा वर्षांपूर्वी. तेव्हापासून त्यांनी गाणं सोडलं, यांनी पखवाज सोडला आणि दोघांनी एकमेकांना सोडलं. पखवाज खोळीत घालून खुंटीला टांगलेला होता. काकू दर दसऱ्याला खोळ धुवायच्या आणि परत चढवायच्या.

यात खरी पंचाईत काकूंची होती. काकू आणि थोरल्या काकू सख्ख्या बहिणी, एका मांडवात एका घरी दिलेल्या. नवऱ्यांचं बोलणं बंद झालं म्हणून बहिणींनी का गप्प बसावं? परसातली भिंत बुटकी होती. तिच्यावरून रोज वाटीतून कालवण जायचं, बातम्या जायच्या, आणि एके दिवशी वायफायचा पासवर्डही गेला. काकूंनी मला डोळा घालून सांगितलं, "अक्काला लेकराशी तोंड बघून बोलायचं असतं. हेन्ला सांगू नका."

पुढे थोरल्यांना करमत नाही म्हणून त्यांच्या नांदेडच्या मुलाने नवा टीव्ही आणून बसवला. तो नेमका मालकांच्या टीव्हीच्याच कंपनीचा निघाला, आणि त्याला वायफाय अर्थातच आमच्या घरचं. तरीही थोरल्यांना करमेना. तेव्हा मुलाने ठरवलं, दिवाळी झाली की दोघांना नांदेडला घेऊन जायचं. कायमचं.

ते कळलं त्या दिवशी काकू नळावर भांडी घासताना रडल्या. मला म्हणाल्या, "मॅडम, दादा गेल्यावर हेनी मग कुणाशी बोलायचं न्हाई? अबोला धरायला तरी माणूस शेजारी पायजे का न्हाई?" मी शेजारी बसून भांडी विसळायला घेतली. दिवाळी जवळच आली होती.

इकडे मालकांच्या कचेरीत एक नवा पेच उभा राहिला होता. टॅबलेटवर टीव्हीचं नाव दिसायचं, त्यावर बोट ठेवलं की चित्र जायचं. आता तिथे एकाखाली एक अशी दोन नावं दिसू लागली, दोन्ही अक्षरशः सारखी. दुसऱ्या कुणी घाबरून मला विचारलं असतं. मालकांनी कागद पाहावा तसं पाहिलं आणि लगेच निर्णय दिला. "एक अस्सल अन् एक नक्कल. अस्सल कायम वर ठेवायची, नक्कल खाली." आणि वरच्या नावावर बोट ठेवलं. आमचा टीव्ही काळाच राहिला. मालक हाताची घडी घालून शांत बसले. "दौऱ्यावर असतील. येतील."

बराच वेळ झाल्यावर त्यांनी नाइलाजाने खालच्या नावावर बोट ठेवलं आणि मेंढरं पडद्यावर आली. यातून माणूस काही शिकेल की नाही? मालक शिकले ते असं, "बघा मॅडम, नक्कल लगेच मिळती. अस्सलला वेळ लागतो. हा कचेरीचा कायदाच हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा आधी वरचं नाव, मग वाट बघणं, मग खालचं. मी बोलायला तोंड उघडलं तर काकूंनी दारातून मान हलवून मला गप्प केलं.

कारण भिंतीपलीकडची हकिकत त्यांना कळली होती. थोरले देवापाशी दिवा लावून बसले की त्यांचा टीव्ही आपोआप उजळायचा, शेळ्या यायच्या, थोडा वेळ चरायच्या आणि जायच्या. थोरल्यांना वाटायचं, कंपनीच पाठवते. ते आता दिवा लागायच्या आधीच टीव्हीसमोर जाऊन बसू लागले होते. थोरल्या काकू परसातल्या भिंतीवर हनुवटी टेकून सांगत होत्या, "शेळ्यांची वेळ झाली म्हणतात, चहा बी तिथंच दे म्हणतात. अन् काल काय म्हणाले माहीत हाय का? ती मागची लंगडायलीय, राखणाऱ्याचं ध्यान न्हाई."

काकू खळखळून हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. दोघी बहिणी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मला तेव्हाच समजायला हवं होतं की काहीतरी शिजतंय.

चारेक दिवसांनी पुण्याहून लेकीने टॅबलेटवर एक व्हिडिओ पाठवला. साखरपुड्याच्या जुन्या सीडीवरून तिने तो करून घेतला होता, काकूंच्या सांगण्यावरून. भजनासकट सगळं त्यात होतं. मालकांना तर गगन ठेंगणं झालं. "पुरावा आला! आता दादाची चूक तहसीलदारासमोर शाबीत करतो." मी म्हटलं, इथेच टॅबलेटवर बघून टाका. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. रविवारी सकाळी पेशी ठरली. साक्षीदार मी.

रविवारी मालक इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर बसले. खडूच्या रेघा ताज्या होत्या. रुमाल काढला, घडी केली, उशाखाली ठेवला. मी वाकून पलीकडे गेले, काकू अलीकडे दाराशी खुर्ची घेऊन बसल्या. मालकांनी व्हिडिओ लावला आणि वरच्या नावावर, म्हणजे अस्सलवर, बोट ठेवलं.

आमचा टीव्ही काळा. "बसा, वेळ लागतो," मालक म्हणाले.

आणि भिंतीपलीकडून पखवाज वाजू लागला.

मालकांनी आधी खुंटीकडे पाहिलं. पखवाज खोळीतच होता. मग पखवाजावर आवाज चढला, भरदार, मोकळा. मालकांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. "दादा गायलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाने सांगावं तसं, "मॅडम, दादा गायलाय!"

"काका, तो तुमचाच व्हिडिओ आहे. पलीकडच्या टीव्हीत गेलाय."

"भिंतीतून?"

"भिंतीतून."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, खडूच्या रेघांकडे पाहिलं आणि घाईघाईने बंद करायला टॅबलेट उचलला. तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. हा गाणारा नव्हता, घोगरा आणि म्हातारा होता.

"ए! बंद करू नको!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी त्या भिंतीतून आलेला पहिला शब्द म्हणजे हा "ए".

"कोन लावलंय हे?" पलीकडून विचारणा झाली.

"मी लावलंय!" मालक ओरडले.

"मग चालू ठेव! आता येईल बघ ती जागा. आता... आता... हां! बघितलास? पखवाज पळाला!"

"पळाला न्हाई! तू रेंगाळलास!"

"मला दिसायलाय ना हितं! तुजा हात पळाला!"

"मला दिसंना म्हणून काय बी सांगतोस व्हय? मागं घेतो, परत बघ!"

असा तो खटला सुरू झाला. चित्र थोरल्यांकडे आणि ते मागेपुढे करणं मालकांच्या हातात. एकाला दिसत होतं पण थांबवता येत नव्हतं, दुसऱ्याला थांबवता येत होतं पण दिसत नव्हतं. "मागं घे. अजून. अरं लय मागं गेलास, हितं जेवणाच्या पंगती चालल्यात!" "मग सांग ना नीट, मास्तर होतास ना?" पलीकडे थोरल्या काकू हसत होत्या, अलीकडे आमच्या काकू हसत होत्या, आणि मी दोन्ही घरांचं हसू ऐकत मध्ये बसले होते. तो अभंग त्या सकाळी किती वेळा सुरू झाला आणि किती वेळा त्याच जागी अडखळला, कुणास ठाऊक. दोघांपैकी एकही मागे हटेना.

शेवटी थोरले म्हणाले, "आता पुढं जाऊ दे."

मालकांनी टॅबलेट स्टुलावर ठेवला. भिंतीपलीकडून त्यांचाच जुना आवाज आला, "दादा, ठेका सोडलास." तो ऐकून मालक पायांकडे बघू लागले. मग टाळ खाली ठेवल्याचा आवाज, माणसांची कुजबुज, ताटांची खणखण. मग तेही थांबलं.

"दादा?" मालकांनी हाक मारली. उत्तर आलं नाही. "दादा, संपलं का?"

काकू खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. थोरले पुन्हा उठून गेले की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या आणि थोरले दारात आले. मालकांपेक्षा वीतभर उंच, बनियन आणि धोतरावर, तसेच उठून आलेले.

"मी उठून गेल्यावर तू दाराकडं बघत बसलास व्हय रे, बारक्या?"

"कुठं?"

"त्या चित्रात. सगळे जेवायला गेले. तू पखवाज मांडीवर घेऊन एकटाच. माज्या दाराकडं बघायलास."

मालकांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मला वाटलं, तू परत येशील."

"मला काय ठाऊक? माजी पाठ होती तुज्याकडं."

मग मी हळूच टॅबलेटवरचं खालचं नाव दाखवलं. या वेळी मालकांनी नक्कल म्हणून नाक मुरडलं नाही. बोट ठेवलं आणि आमच्या टीव्हीवर ते अंगण आलं, तो मांडव आला. काळ्या मिशांचे मालक पखवाज मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेले.

ते बघायला थोरले दारातून निघाले आणि सरळ पलंगाकडे चालू लागले. वाकले नाहीत. त्यांना त्या रेघांचं काय माहीत? मालकांचे ओठ सवयीने उघडले, "मधून जा..." आणि तिथेच थांबले. थोरले खडूच्या रेघांच्या बरोबर मध्ये, स्टूल आणि टीव्ही यांच्यामध्ये, ताठ उभे राहिले आणि चित्रातल्या धाकट्या भावाकडे बघत राहिले. चित्र तुटलं नाही. मी मालकांकडे पाहिलं. ते टीव्हीकडे बघतच नव्हते, भावाच्या पाठीकडे बघत होते.

थोरले पलंगावर येऊन बसले. मालकांनी व्हिडिओ मागे घेतला, ती जागा लावली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग म्हणाले, "माजाच हात पळालाय."

"न्हाई रे. माजा दम कमी पडला असंल."

"पळालाय म्हणतो ना मी!"

"दम कमी पडला म्हणतो ना मी!"

आता भांडण उलट्या बाजूने पेटतंय असं दिसल्यावर मालकांनी खुंटीवरचा पखवाज काढला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय तो बोलत नाही. त्यांनी खोळ सोडता सोडता हाक मारली, "अगं, जरा कणीक भिजव."

"भिजवूनच ठेवलीय," काकू म्हणाल्या. तेव्हा कुठे दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या बायकांकडे. थोरल्या काकूही दारात येऊन उभ्या होत्या.

त्या दिवशी थोरले दुपारपर्यंत गात होते. आवाज पहिला राहिला नव्हता, मालकांचा हातही राहिला नव्हता. दोघेही जागोजागी चुकले आणि चुकले की हसले. इतकं आनंदी भजन मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मध्ये चहा झाला. काकू ट्रे घेऊन सरळ रेघांवरून चालत आल्या, आणि कपाखाली बशा होत्या.

दिवाळीनंतर थोरले ठरल्याप्रमाणे नांदेडला गेले. पण आता रोज संध्याकाळी फोन यायचा. मालक इकडून विचारायचे, "आल्या का शेळ्या तुज्याकडं?" मग तिकडेही मेंढरांचा तोच व्हिडिओ लागायचा आणि दोघे भाऊ मिळून त्या परमुलखातल्या मेंढपाळाला शहाणपण शिकवायचे.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला मी बैठकीत गेले. टीव्हीवर कळप चरत होता. मी सवयीने भिंतीशी गेले, मान खाली घातली आणि गुडघे मोडले.

"वाकता कामून, मॅडम?" मालक पलंगावरून म्हणाले.

मी खाली पाहिलं. फरशीवर रेघा नव्हत्या.

"दादा त्या दिवशी चालत गेला ना मधून? वहिवाट पडली ती. आता कुणालाच अडवता येत न्हाई."